अंतराळयानाचे सुकाणू

संगणकावर अंतराळयान उडवण्याचा खेळ तुमच्या मुलाने किंवा नातवाने मांडलेला तुम्ही केव्हातरी पाहिला असेल. खेळ सुरू होण्यापूर्वीच घरात एक वाद होतो. यान चालवायचे कशाने? कळफलकाने, टेबलावर सरकणाऱ्या माऊसने, की वैमानिकाच्या हाती असतो तसल्या दांड्याने, म्हणजे जॉयस्टिकने? दुकानदार सांगतो, जॉयस्टिकशिवाय मजा नाही. मुलगा म्हणतो, माऊसने नेम चांगला लागतो. आणि पैसे मोजणारे तुम्ही म्हणता, अहो, कळफलक आहेच की घरात! वाद क्षुल्लक दिसतो खरा. पण त्याला साठ वर्षांहून जुना इतिहास आहे, आणि तो कळला म्हणजे निवड पुष्कळ सोपी होते.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत पीडीपी-१ नावाचा संगणक होता. त्याला एक वाटोळा पडदा जोडलेला होता. स्टीव्ह रसेल आणि त्याचे मित्र यांनी १९६२ साली या यंत्रावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार केला. पडद्याच्या मधोमध एक तारा, त्याचे गुरुत्वाकर्षण, आणि त्याच्या ओढीत सापडलेली, एकमेकांवर टॉर्पेडो सोडणारी दोन याने. यान चालवायला खास साधन कुठले असणार? संगणकाच्या दर्शनी फळीवर तपासणीसाठी खटके बसवलेले होते. त्यांतले चार एकाने घेतले, चार दुसऱ्याने.

पण दोन अडचणी निघाल्या. खेळाच्या झटापटीत खटके लवकर झिजू लागले. दुसरी अडचण न्यायाची होती. खटक्यांच्या जागेमुळे दोघांपैकी एका खेळाडूला पडद्याच्या बाजूला बसावे लागे आणि त्याला नीट दिसत नसे. हरलेल्याला सबब मिळाली, आणि सबब खरी होती! तेव्हा अ‍ॅलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी दोन सुट्या पेट्या बनवल्या. पेटीवर एक खटका डावी-उजवीकडे वळण्यासाठी, दुसरा पुढे रेटण्यासाठी किंवा संकटात अदृश्य होण्यासाठी, आणि एक बटण टॉर्पेडोसाठी. हे बटण मुद्दाम बिनआवाजी ठेवले होते. टॉर्पेडो पुन्हा तयार होण्याआधीच कोणी बटण दाबू लागला, तर शेजारच्याला त्याची चाहूल लागू नये म्हणून! आता प्रत्येकाला आपल्या सोयीच्या जागी बसता येऊ लागले.

या मंडळींनी पेटीवर खटकेच का बसवले, ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्या खेळात यान वळते किंवा वळत नाही, रेटा मिळतो किंवा मिळत नाही. ‘थोडेसे’ ही भाषाच तिथे नाही. मग खटका पुरे. पुढे १९७९ साली अटारी कंपनीचा ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ हा खेळ आला, त्यातही यान चालवायला पाच बटणेच होती.

आता तिन्ही साधनांचा स्वभाव पाहू. कळफलकाची कळ ही घरातल्या दिव्याच्या बटणासारखी असते. ती ‘हो’ म्हणते किंवा ‘नाही’ म्हणते. जॉयस्टिक ही रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखी. ती ‘किती’ ते सांगते. दांडा थोडा झुकवला तर यान सावकाश वळते, फार झुकवला तर झपाट्याने. आणि हात सैल सोडला की आतली स्प्रिंग त्याला मध्यावर आणते व वळणे थांबते. माऊसचे तसे नाही. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ साली त्याचा पहिला नमुना केला, तो पडद्यावरच्या मजकुरातली जागा दाखवण्यासाठी. बोट दाखवून ‘तिथे’ म्हणणे हा त्याचा धर्म. त्याला मध्य नाही, स्प्रिंग नाही. ठेवाल तिथे तो राहतो. म्हणजे कळ विचारते हो की नाही, दांडा विचारतो किती, आणि माऊस विचारतो कुठे.

तुम्ही म्हणाल, हे झाले खेळातले. खऱ्या यानात काय असते? अपोलो ११ चे उदाहरण घ्या. २० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरत होते. संगणक यानाला मोठमोठ्या दगडांनी भरलेल्या एका विवराकडे नेत आहे, असे आर्मस्ट्राँगला दिसले. त्याने उजव्या हातातल्या दांड्याने यान सावरून पुढे नेले. उतरण्याचा वेग मात्र एका खटक्याने बदलत होता: एकदा खटका दाबला की वेगात सेकंदाला १ फुटाचा फरक. आणि संगणकाला हुकूम द्यायला समोर आकड्यांच्या कळा होत्या. दोन माणसांचा जीव टांगणीला लागला असताना दांडा, खटका आणि कळा ही तिन्ही साधने आपापले काम करीत होती. यांतले श्रेष्ठ कोणते, असा प्रश्न तिथे उद्भवलाच नाही.

खेळ रचणाऱ्यांनाही हे लवकर उमगले. १९७९ च्या ‘स्टार रेडर्स’मध्ये डग न्यूबॉअर याने यान वळवणे आणि मारा करणे जॉयस्टिककडे दिले, वेगाचे आकडे, ढाल, नकाशा हे कळफलकाकडे. १९८४ साली डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांचा ‘एलिट’ बीबीसी मायक्रो या संगणकावर आला. तो घरोघर कळफलकावर खेळता येण्याजोगा होता, कारण कर्त्यांनी युक्ती केली होती. कळ दाबून धरली की वळण हळूहळू वाढे, आणि सोडली की ओसरत जाई. ‘हो-नाही’ म्हणणाऱ्या कळेला त्यांनी ‘किती’ म्हणायला शिकवले! तरीही स्वतःभोवती फिरणाऱ्या स्थानकाच्या अरुंद दारातून यान आत घालताना नवख्याची तारांबळ उडायचीच.

१९९० च्या ‘विंग कमांडर’ने तिन्ही साधनांना मुभा दिली, पण वैमानिकाचा थाट मिरवायला जॉयस्टिकच हवी, असा त्या काळचा रिवाज. २००३ च्या ‘फ्रीलान्सर’ने हा रिवाज मोडला. त्यात जॉयस्टिकची सोयच नव्हती. माऊसने जिथे खूण न्याल तिकडे यान वळे आणि तोफाही तिकडेच रोखल्या जात. एव्हाना माऊस प्रत्येक संगणकासोबत येत होता, त्यामुळे वेगळा खर्च न करता कोणालाही खेळता आले. पण काही हरवलेही. यान हातात धरून पेलल्याचा भास गेला आणि बोटाने दाखवावे, दुसऱ्याने चालवावे, असा प्रकार झाला. साधन बदलले तसा खेळही बदलला.

मग तुम्ही काय घ्यावे? आधी खेळाकडे पाहा. यान नुसते वळत आणि रेटत असेल, तर घरातल्या कळा बास. नेम धरण्यावर भर असेल, तर माऊस. यान पेलण्यातच रस असेल, संथ वळणे आणि हळुवार उतरणे असेल, तर दांडा. आणि १९९५ च्या ‘डिसेंट’सारखा, वर-खाली, आडवे, मागे-पुढे सरकायला लावणारा आणि तिन्ही अक्षांवर फिरवणारा खेळ असेल, तर एकट्या साधनाचा हट्ट सोडा. एका हातात दांडा, दुसरा हात कळांवर, अशी विभागणी करा.

आणि शेवटी स्वतःच्या हाताकडे पाहा, बरं का. कोणाचे मनगट माऊसने दुखते, कोणाच्या बोटांना कळा झेपत नाहीत, कोणाचा एकच हात चालतो. अशा माणसाला सोयीचे साधन देणे हा लाड नव्हे. १९६२ साली त्या दोन पेट्या बनल्या, त्या खटके झिजत होते म्हणून आणि बाजूला बसणाऱ्याला पडदा दिसत नव्हता म्हणूनही. खेळ बरोबरीचा व्हावा, एवढीच त्या मुलांची इच्छा होती. मे २०२० मध्ये क्रू ड्रॅगन यानाच्या अंतराळवीरांनी काचेच्या पडद्यावर बोटे टेकवून यान चालवून पाहिले. उद्या आणखी काही निघेल. नवे साधन समोर आले की दोन प्रश्न विचारा: या खेळाला काय हवे आहे, आणि या हाताला काय जमते? दुकानदाराचे मत त्यानंतर ऐकले तरी चालेल.