पंतप्रधानांचं सुडोकू आणि खोडरबर नसलेली भाषा

सुडोकू तुम्ही पेनने सोडवता की पेन्सिलने? मी पेन्सिलवाला. एखाद्या घरात अंदाजाने ७ लिहायचा, पुढे जायचं, अडकलं की मागे येऊन तो ७ खोडायचा आणि ८ लिहून बघायचा. सिंगापूरचे माजी पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी हेच काम संगणकाकडून करून घेतलं होतं. आजचा लेख त्या प्रोग्रामवर आहे, आणि त्यांनी लांबणीवर टाकलेल्या एका पुस्तकावर.

एप्रिल २०१५ मध्ये इथे नवउद्योजकांचा एक मेळावा झाला. ली त्यात बोलता बोलता म्हणाले, की मी शेवटचा प्रोग्राम काही वर्षांपूर्वी लिहिला, सी++ मध्ये, सुडोकू सोडवणारा. त्यांची दोन मुलं एमआयटीत शिकलेली. त्यातल्या एकाने त्यांच्या हातात हास्केल नावाच्या भाषेचं पुस्तक ठेवलं होतं. ते आता निवृत्तीनंतर वाचेन, असं ली म्हणाले. पुढच्याच महिन्यात त्यांनी आपला सुडोकूचा प्रोग्राम फेसबुकवर सगळ्यांसाठी खुला केला, वर 'चुका सापडल्या तर सांगा' असंही लिहिलं. पंतप्रधानाच्या चुका काढायची अशी अधिकृत संधी कोण सोडणार? आमच्या धंद्यातले लोक तुटून पडले.

हा माणूस हौशी असला तरी कच्चा नव्हे. १९७३ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते सीनियर रँग्लर, म्हणजे पहिले आले. आपल्याला हा शब्द रँग्लर परांजप्यांमुळे माहीत आहे; र. पु. परांजपे १८९९ साली सीनियर रँग्लर झाले होते. ली यांनी १९७४ मध्ये तिथेच संगणकशास्त्राची पदविकाही घेतली. असा माणूस ज्या भाषेला निवृत्तीनंतरचं वाचन म्हणतो, ती मी रोज रात्री जेवणानंतर तासभर बसून शिकायला घेतली. मला वाटलं, पीएचडीची वर्षं सी++ मध्येच गेली आहेत, महिनाभरात होईल. पहिल्या आठवड्यात मला साधी सरासरी काढता आली नाही!

खरंच सांगतो. आकड्यांची बेरीज करायची आणि किती आकडे आहेत त्या संख्येने भागायचं, चौथीतलं गणित. हास्केलने ते नाकारलं. बेरीज दशांशातली, मोजणी पूर्णांकातली, आणि ही दोन वेगळ्या जातीची माणसं, त्यांचा भागाकार होणार नाही, म्हणे. आधी पूर्णांकाचं रूपांतर करा, मग बोला. हे तिने मला एका ओळीत सांगितलं असतं तर तक्रार नव्हती. पण एका ओळीच्या चुकीला आठ ओळींचं उत्तर, आणि त्यात एकही शब्द ओळखीचा नाही. मग मी x = x + 1 असं लिहून बघितलं. सी++ मध्ये हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा लिहितो: x मध्ये एक मिळव. हास्केलने काही कुरकुर केली नाही. नुसती गप्प बसली. पाच मिनिटांनी मीच खिडकी बंद केली.

ही अशी भाषा कोणी आणि का बनवली, हे शोधायला तेव्हा बसलो, आणि थोडा शांत झालो.

१९५७ साली फोरट्रान आली, तेव्हापासून बहुतेक भाषा संगणकाच्या स्मृतीच्या बेताने घडल्या. स्मृती म्हणजे खोक्यांची रांग. खोक्यात आकडा ठेवा, नंतर तो पुसून दुसरा ठेवा. x = x + 1 हा अशा खोक्याला दिलेला हुकूम आहे. शाळेतल्या बाईंना मात्र हे समीकरण दाखवलं असतं तर त्यांनी कान पिळला असता, कारण कुठलीही संख्या स्वतःपेक्षा एकने मोठी नसते. काही संशोधकांना शाळेतल्या बाईंचंच म्हणणं पटत होतं: x एकदा ठरला की ठरला, पुसायचा नाही. १९८० च्या दशकात अशा डझनभराहून जास्त भाषा झाल्या आणि प्रत्येकाची चूल वेगळी. म्हणून १९८७ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या परिषदेत एक समिती नेमायचं ठरलं, आणि १ एप्रिल १९९० ला हास्केलचा पहिला मसुदा जाहीर झाला. (तारीख वाचून मला संशय आला होता, पण खरी आहे.) नाव दिलं हास्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचं. ते तोवर वारले होते. परवानगीसाठी गेलेल्यांना त्यांच्या पत्नीने सांगितलं, की हास्केलला 'हास्केल' हे नाव कधीच आवडलं नाही.

मला सगळ्यात दिलासा मिळाला तो पुढच्या गोष्टीने. जिथे काहीच बदलत नाही, तिथे पडद्यावर एक ओळ छापायची कशी? पडदा तर बदलतो! समितीलाही हे नीट सुटलं नव्हतं. पहिल्या आवृत्त्यांमधली सोय फारच अवघडलेली होती. १९९३ मध्ये सायमन पेटन जोन्स आणि फिलिप वॉडलर यांनी गणितातल्या 'मोनाड' या कल्पनेवरून एक रीत सुचवली आणि १९९६ च्या आवृत्तीत ती भाषेत आली. म्हणजे छापण्याचा प्रश्न खुद्द भाषा बनवणाऱ्यांना सहा वर्षं पुरला. मग मी आठवडाभर अडलो तर काय बिघडलं?

आता पुन्हा सुडोकू. ली यांच्या प्रोग्राममध्ये ८१ खोकी आहेत. तो एका घरात आकडा भरतो, पुढे जातो, अडला की परत येऊन ते घर कोरं करतो. अगदी माझी पेन्सिल. हे जसंच्या तसं हास्केलमध्ये उतरवायला मी तीन शनिवार घालवले. जमेना, कारण तिथे खोडरबरच नाही.

मग ऑक्सफर्डचे प्राध्यापक रिचर्ड बर्ड यांचा २००६ चा एक छोटा लेख हाती लागला. बर्ड सुरुवात करतात ती ऐकून हसू येतं: रिकामी घरं शक्य त्या सगळ्या प्रकारांनी भरा आणि त्यातलं बरोबर उत्तर निवडा. ५१ घरं रिकामी असली तर हे प्रकार ९ चा ५१ वा घात, म्हणजे ४९ अंकी संख्या! पण ही व्याख्या चूक नाही, फक्त संथ आहे. तिला हात न लावता ते पायरीपायरीने अशक्य पर्याय आधीच छाटत जातात. अंदाज करायची वेळ आली की प्रत्येक अंदाजासाठी नवा तक्ता. जुना तसाच राहतो, फसलेला बाजूला पडतो. खोडायची गरजच नाही, नवा कागद घ्या. आणि शेवटी बर्ड म्हणतात, ज्या घरात सर्वांत कमी पर्याय उरलेत ते घर आधी घ्या.

इथे मी चमकलो. ली यांनी आपल्या प्रोग्रामबद्दल हीच युक्ती सांगितली होती! एकाने खोकी पुसत, दुसऱ्याने काहीही न पुसता, दोघे एकाच जागी पोचले होते. सुडोकूबद्दलचं शहाणपण तेवढंच होतं. बाकी सगळी भरा-पुसायची हातचलाखी. आणि मला प्रोग्रामिंग येतं असं जे वाटत होतं, त्यातलं बरंचसं ही हातचलाखीच होती. खरा त्रास नवीन शिकण्याचा नव्हता, हे मान्य करण्याचा होता.

सिंगापूरमध्ये ही भाषा अगदीच परकी नाही. स्टँडर्ड चार्टर्ड बँकेत हास्केलच्याच एका बोलीत लिहिलेल्या लाखो ओळी आहेत, आणि त्या लिहिणारे काही लोक इथे बसतात. ली यांनी १५ मे २०२४ ला पंतप्रधानपद सोडलं, पण लगेच ज्येष्ठ मंत्री झाले, म्हणजे निवृत्ती पुन्हा पुढे गेली.

माझी सरासरी आता निघते. सुडोकूही सुटतं, ली यांच्या प्रोग्रामपेक्षा पुष्कळ हळू. असो. उद्याच्या पेपरातलं कोडं एकदा पेनने सोडवून बघा. पहिली दहा मिनिटं चिडचिड होईल, ती होऊ द्या.