गोचीड : अंगणातला जुना वैरी



मी इतिहासाचा मास्तर. तेव्हा गोचिडावर बोलायला हा गृहस्थ कशाला आला, असे तुमच्या मनात येईल. त्याला एक कारण घडले, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी घाटनांदूरला चुलत्यांकडे गेलो होतो. अंबाजोगाई तालुक्यातले, परळीच्या रेल्वेमार्गावरचे हे गाव. चुलत्यांचे घर जुने, दगडमातीचे, माळवदाचे. काकूंच्या दहा-बारा कोंबड्या होत्या, त्या एकेक करून सुकत चालल्या होत्या. तुरे पांढुरके पडले, अंडी थांबली, दोन कोंबड्या मेल्या. “मानमोडी आली,” असे जो तो म्हणू लागला. दिवसा कोंबड्यांच्या अंगावर काही दिसेना. रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात पाहिले, तर फळ्यांच्या सांदींतून चपटे, करडे गोचीड रांगेने बाहेर पडत होते!

चुलतभावाला राग आला. गुरांसाठी आणलेले औषध त्याने मोजमाप न करता, कोंबड्या आत असतानाच, खुराड्यात फवारले. उरलेले घरच्या मांजराच्या अंगाला चोळले. सकाळी मांजर थरथरत होते, तोंडाला फेस आला होता. दुपारी ते गेले. तीन कोंबड्याही गेल्या. आणि काही दिवसांनी गोचीड पुन्हा हजर! भाऊ म्हणाला, “औषध खोटं निघालं.” पण मंडळी, औषध खोटे नव्हते. ज्याच्याशी लढायचे त्याची रीतभात आम्हाला माहीत नव्हती.

ही रीतभात आपल्या पूर्वजांनी फार जवळून पाहिली होती. शके १२१२ मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात गोचिडाचा दृष्टान्त आहे. गाईच्या कासेला चिकटलेल्या गोचिडाला गोड दूध अगदी जवळ असूनही रक्तच हवे असते, असा त्याचा आशय. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही आपल्या गोठ्यात हा प्राणी होता आणि तो रक्तावर जगतो हे सर्वांना ठाऊक होते. मात्र तो रक्त पितो तसा रोगही देतो, हे सिद्ध व्हायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले.

१८८९ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी पुण्यात सरकारने जनावरांच्या रोगांचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा उघडली. पुढे ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली आणि तिच्यातूनच आजची इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था उभी राहिली. त्याच साली अमेरिकेत किलबोर्न नावाच्या पशुवैद्याने एक साधा प्रयोग केला. तिकडे टेक्सासची गुरे उत्तरेकडे गेली, की उत्तरेची गुरे तापाने मरत. टेक्सासची गुरे मात्र धडधाकट राहत. किलबोर्नने दक्षिणेच्या काही गुरांच्या अंगावरचे गोचीड हाताने वेचून काढले आणि ती गुरे उत्तरेच्या गुरांत सोडली. कोणी आजारी पडले नाही. दुसऱ्या कुरणात दक्षिणेचे एकही जनावर न सोडता नुसते गोचीड पसरले. तिथली गुरे तापाने पडली!

थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध केले. तिकडचे गुराखी ‘हा ताप गोचिडांचा’ असे पूर्वीपासून म्हणत होते, पण विद्वान हसत होते. पुढे चारच वर्षांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. तेव्हा आपला बीड जिल्हाही त्याच निजामाच्या राज्यात होता.

रोगाचे कारण कळल्यावर विषांचे युग सुरू झाले. प्रथम सोमल आला. सोमलाच्या पाण्याने भरलेल्या हौदातून गुरे पोहत नेत. अमेरिकेने १९०६ पासून ही मोहीम चालवून १९४३ पर्यंत बहुतेक प्रदेश गोचीडमुक्त केला. पण ऑस्ट्रेलियात १९३० च्या दशकात सोमलाला दाद न देणारे गोचीड निपजले. मग डी.डी.टी. आणि बी.एच.सी. आले. बी.एच.सी.ची पूड आपल्याकडेही गुरांच्या अंगावर चोळत. ही विषे दुधात उतरतात, वर्षानुवर्षे मातीत राहतात, हे कळल्यावर १९९७ मध्ये भारताने बी.एच.सी.वर बंदी घातली. नवी औषधे आली, त्यांनाही गोचीड सरावू लागले. नुसत्या विषावर विसंबणारा हरतो, एवढाच या इतिहासाचा धडा.

आणि हा प्रश्न केवळ गुरांचा नाही. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसे. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोध घेतला, तेव्हा तो ताप गोचिडातून येतो असे निघाले. २०१६ मध्ये हाच रोग आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग भागात दिसला. बीड जिल्हा त्या जंगलापासून दूर आहे, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण गोचीड बोटांनी चिरडू नये, एवढे यातून शिकावे.

आता गोचिडाची रीतभात ऐका. गुरांच्या गोचिडाची मादी रक्त पिऊन फुगली की खाली पडते आणि गोठ्याच्या भेगेत दोन-तीन हजार अंडी घालते. कुत्र्याचा गोचीड भिंतीच्या फटीत, ओट्याच्या कडेला दडतो. कोंबडीचा गोचीड दिवसभर सांदीत झोपतो, रात्री येऊन रक्त पितो आणि उजाडण्यापूर्वी परततो. उपाशी तो वर्षभरही जगतो. तेव्हा ‘खुराडं दोन महिने रिकामं ठेवलं’ म्हणून भागत नाही. जनावराच्या अंगावर दिसतो तो थोडा भाग. बाकीची फौज भिंतीत असते.

म्हणून पहिली लढाई भिंतीशी. भेगा चिखलाने किंवा सिमेंटने लिंपा, चुना द्या. उकिरडा गोठ्यापासून लांब ठेवा. कोंबड्यांची बसायची काठी भिंतीपासून सुटी ठेवा, तिच्या पायांखाली रॉकेलमिश्रित पाण्याच्या वाट्या ठेवा. लाकडी खुराड्याच्या सांदींत उकळते पाणी ओता. जुन्या फळ्या सरळ जाळा.

दुसरी गोष्ट औषधाची. पशुवैद्याला विचारून, चिठ्ठीवरचे प्रमाण मोजूनच औषध घ्या. खुराड्यात फवारायचे तर कोंबड्या, पिले, अंडी, दाणापाणी आधी बाहेर काढा, आणि सारे पूर्ण वाळल्यावरच आत न्या. गुरांना फवारण्यापूर्वी पाणी पाजा, अंग चाटू नये म्हणून वाळेपर्यंत मुसके बांधा, भर उन्हात फवारू नका. दूध आणि अंडी किती दिवस वापरायची नाहीत, तेही विचारून घ्या. कोंबड्या गुरांच्या अंगावरचे गोचीड टिपून खातात. तो त्यांचा उपकारच. पण फवारणीनंतर त्यांना गोठ्यात सोडू नका, विष त्यांच्या पोटात जाईल. अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून सांगितलेल्या मुदतीने दुसरी फवारणी करावीच लागते. आमच्या भावाची चूक इथेही झाली.

मांजराचे विशेष सांगतो. मांजर अंग चाटून स्वच्छ करते. कुत्र्याला चालणारे परमेथ्रिनसारखे औषध त्याचा जीव घेते. कुत्र्याचे, गुराचे औषध मांजराला कधीही लावू नका. एखाद-दुसरा गोचीड असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा नि साबणाच्या पाण्यात टाका.

आपल्या देवणी आणि लाल कंधारी जनावरांत गोचिडाच्या तापाला तोंड द्यायची ताकद बरीच असते. संकरित गाईंत ती कमी. संकरित गाय आणली असेल तर गोठाही तसाच राखायला हवा. गाईला ताप आला, लघवी लाल झाली, कानामागे गाठी सुजल्या, तर वाट न पाहता पशुवैद्याला बोलवा.

गुरुजनांना एक विनंती. फुगलेली एक गोचीड-मादी चिमट्याने उचलून काचेच्या बाटलीत ठेवा, तोंडाला घट्ट विणीचे कापड पक्के बांधा आणि काही दिवसांनी मुलांना ती अंड्यांची रास दाखवा. मग सारे उकळत्या पाण्यात टाका. जे मूल ती रास पाहील, ते घरी जाऊन भिंतीच्या भेगा दाखवील.

काकूंनी त्या वर्षी जुने खुराडे जाळले. आता कोंबड्या लोखंडी जाळीच्या घरात बसतात. मांजर मात्र त्यांनी पुन्हा पाळले नाही. “त्याचं काय चुकलं होतं रे?” असे त्या अजून विचारतात. माझ्याकडे उत्तर नाही. ते तुमच्या घरी कोणाला विचारावे लागू नये, म्हणून आज हे बोललो.