जर्मन संगणक परिभाषा

जर्मन संगणक परिभाषा म्हणजे संगणकविषयक, प्रामुख्याने इंग्रजीतून आलेल्या संज्ञांसाठी जर्मन भाषेत रूढ झालेली शब्दसंपदा होय. संगणकशास्त्रासाठीचा 'इन्फॉर्माटिक' हा शब्द कार्ल श्टाइनबुख यांनी १९५७ मध्ये योजला.

फाइलसाठीचा 'डाटाय' हा या परिभाषेतील विशेष यशस्वी शब्द. 'डाटन' (विदा) आणि 'कार्टाय' (कार्यालयातील कार्डसूची) यांच्या संयोगातून तो घडला. कार्डसूची आधीच परिचयाची असल्याने तो परका वाटला नाही. मराठीत 'धारिका' व 'संचिका' यांना हे भाग्य लाभलेले नाही. हार्ड डिस्कसाठीचा 'फेस्टप्लाटं' (स्थिर तबकडी) हा शब्दही सर्रास वापरला जातो. संगणकाला मात्र 'रेश्नर' (गणन करणारा) व 'कॉम्प्युटर' असे दोन्ही शब्द चालतात.

उसन्या शब्दांना जर्मन व्याकरणात बसवणे ही खरी अडचण आहे. प्रत्येक नामाला लिंग द्यावे लागते. 'ई-मेल' जर्मनीत स्त्रीलिंगी आहे, तर ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंडमध्ये नपुंसकलिंगीही आढळते. 'डाउनलोड' या क्रियापदाच्या भूतकालवाचक धातुसाधितात 'गे' हा घटक आरंभी जोडावा की 'डाउन'नंतर, याविषयी वापरात एकवाक्यता नाही. 'हेरुंटरलाडन' (खाली उतरवून घेणे) या देशी क्रियापदात हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे 'गे' मध्येच येतो.

पडद्यावरील बटणांवर लांब शब्द मावत नाहीत. इंग्रजी 'सेटिंग्ज'ची ८ अक्षरे जर्मनमध्ये 'आइनश्टेलुंगन' या शब्दात १३ होतात. शिवाय वापरकर्त्यास 'डू' (तू) म्हणावे की आदरार्थी 'झी', हेही ठरवावे लागते. बटणांवर बहुधा 'श्पाइशर्न' (जतन करणे) असे क्रियापदाचे मूळ रूपच छापले जाते, त्यामुळे संबोधनाचा प्रश्न टळतो.