लोखंडाचा रंधा

औद्योगिक क्रांतीवर व्याख्याने देण्यात आमच्या आयुष्याची पंचवीसांहून अधिक वर्षे खर्ची पडली आहेत. वॅटचे वाफेचे यंत्र, आर्कराइटची सूतगिरणी, स्टीफन्सनची आगगाडी हा क्रम आम्हांस आता झोपेतही म्हणता येईल. परंतु ही यंत्रे ज्या यंत्रांनी घडविली, त्यांविषयी आम्ही वर्गात कधी चकार शब्द काढला नाही. आणि त्यांपैकीच एक यंत्र आमच्या व्याख्यानगृहाखाली, पदार्थविज्ञानाच्या कर्मशाळेत, वर्षानुवर्षे चालत होते! त्याच्या खडखडाटाने व्याख्यानात व्यत्यय येतो अशी लेखी तक्रार मात्र आम्ही केली होती. पुढे २००९ साली ते यंत्र निकामी ठरवून वजनावर विकावे असा ठराव ज्या समितीने केला, तिच्या कागदावर आमचीही सही आहे. सही करताना त्या यंत्राचे नाव वाचण्याचेही कष्ट आम्ही घेतले नव्हते.

ते नाव ‘शेपिंग मशीन’ असे होते. कारखान्यांत त्यास नुसते ‘शेपर’ म्हणतात. ते आज रोह्यास एका घराच्या मागील पडवीत उभे आहे, आणि ते ज्यांनी विकत घेतले ते गृहस्थ आमचेच विद्यार्थी. इतिहास हा विषय घेऊन ते कसेबसे पदवीधर झाले. औद्योगिक क्रांतीवरील आमची बहुतेक व्याख्याने चुकवून ते कर्मशाळेच्या दाराशी उभे राहत, हे आम्हांस परवा समजले. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात त्यांनी यंत्रदुरुस्तीचे काम केले आणि आता ते घरीच लहानसा कारखाना चालवितात.

दिवाळीनंतर काही घरगुती कामानिमित्त आम्ही पेणला गेलो होतो. तेथून रोहे रेल्वेने जवळ. जुना कुलाबा जिल्हा १९८१ पासून रायगड या नावाने ओळखला जातो. पण पेण-रोह्याच्या जुन्या मंडळींच्या तोंडचा ‘कुलाबा’ अद्याप गेलेला नाही. नागोठण्याच्या पुढे दोहों बाजूंस कापणी झालेली भातखाचरे पसरली होती. पडवीत पाऊल टाकले तो एक शेतकरी गृहस्थ बाकावर चिंताक्रांत बसलेले आढळले. त्यांच्या भातगिरणीची कप्पी फुटली होती. नवी ओतीव कप्पी आणली, पण तिच्या भोकात चावीची खाच नव्हती. आणि ऐन हंगामात गिरणी बंद पडलेली!

ही खाच पाडणे वाटते तितके सोपे नाही. पन्नास मिलिमीटर व्यासाचा दांडा कप्पीत घट्ट फिरावा म्हणून दोहोंच्या सांध्यात चौदा मिलिमीटर रुंदीची पोलादी चावी ठोकतात. तिच्यासाठी कप्पीच्या भोकाच्या आतल्या अंगास, आरपार, सरळ आणि जवळजवळ चार मिलिमीटर खोल खाच हवी. गोल फिरणाऱ्या कोणत्याही हत्याराने ती होत नाही. मोठ्या कारखान्यांत यासाठी दातेरी सळईसारखे एक हत्यार भोकातून ओढून काढतात. परंतु दर मापास निराळे हत्यार लागते व ते महाग पडते. आमच्या विद्यार्थ्यांनी काय केले? बोटाएवढा पोलादाचा एक तुकडा सहाणेच्या फिरत्या चाकावर धरून त्यास हवी तशी धार लावली, तो एका लांब दांड्याच्या टोकास बसविला, आणि तो दांडा शेपरला जोडून यंत्र सुरू केले.

वाचकांपैकी ज्यांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांनी सुताराचा रंधा डोळ्यांपुढे आणावा. सुतार फळी घट्ट धरतो व रंधा पुढे रेटतो. रंधा पुढे जाताना लाकूड तासले जाते, मागे येताना तो नुसता सरकतो. शेपर हा लोखंडाचा रंधा होय. त्याच्या डोक्यावर एक जड ओतीव तुळई आडवी पुढेमागे सरकत असते. तिच्या तोंडाशी हत्यार असते व खाली शिकंज्यात काम पकडलेले असते. प्रत्येक फेरीनंतर काम केसभर बाजूस सरकते आणि हत्यार पहिल्या रेघेशेजारी दुसरी रेघ ओढते. काम दर फेरीस पाव मिलिमीटर सरकले, तर शंभर मिलिमीटर रुंदीचा पृष्ठभाग तासावयास चारशे फेऱ्या लागतात. मिनिटास चाळीस फेऱ्या धरल्या तर दहा मिनिटे झाली. आणि तेवढ्याने एकच थर निघाला! धावत्या जगास हा वेग परवडत नाही हे उघड आहे.

तथापि या मंद यंत्रातही एक मौज आहे. तुळई पुढे जाते सावकाश आणि मागे येते झपाट्याने. आतील मोठे दातेरी चाक तर एकाच गतीने फिरत असते. मग हा भेद कोठून आला? त्या चाकावरील एक खुंटी खाचेच्या एका उभ्या लोखंडी पट्टीत अडकविलेली असते, आणि त्या पट्टीचे खालचे टोक खिळलेले असते. खुंटी वरच्या बाजूने फिरते तेव्हा तिला चाकाचा मोठा कंस चालावा लागतो. खालच्या बाजूने फिरताना थोडक्यात काम भागते. त्यामुळे कापण्यास तीन भाग वेळ मिळाला तर परत येण्यास सुमारे दोनच लागतात. शिवाय परतताना हत्यार कामावर घासून बोथट होऊ नये म्हणून ते एका बिजागरीवर टांगलेले असते. मागे येताना ते आपोआप किंचित उचलले जाते व पुन्हा खाली पडते. आमच्या व्याख्यानात व्यत्यय आणणारा ‘खट्’ असा आवाज तो हाच.

हे यंत्र १८३६ साली इंग्लंडात जेम्स नॅस्मिथ याने निर्माण केले. नॅस्मिथ मूळचा एडिंबरोचा. लंडनमधील हेन्री मॉड्स्ले या थोर यंत्रकाराच्या हाताखाली तो १८२९ पासून शिकला आणि मॉड्स्लेच्या मृत्यूनंतर मँचेस्टरकडे जाऊन त्याने स्वतःचा कारखाना काढला. वाफेच्या प्रचंड हातोड्यामुळे त्याचे नाव पुस्तकांत राहिले. शेपरमुळे राहिले नाही. त्याच्याआधी, १८१७ साली, रिचर्ड रॉबर्ट्सने लोखंड तासण्याचे मोठे यंत्र केले होते. त्यात हत्यार स्थिर असे व काम ठेवलेले मेजच सरकत असे. अवजड कामास ते योग्य होते. परंतु लहान तुकड्यासाठी एवढे मेज हलविणे म्हणजे मुंगी मारण्यास मुसळ घेण्यासारखेच. नॅस्मिथने उलट केले. काम जागच्या जागी ठेवले आणि हत्यारास चालविले.

त्यापूर्वी लोखंडाचा सपाट पृष्ठभाग कसा होत असे? छिन्नी, हातोडा आणि कानस यांनी! त्या काळच्या यंत्रांतील प्रत्येक सपाट जागा कोणा तरी माणसाच्या खांद्यातून निघालेली होती. मग येथे एक प्रश्न उद्भवतो, आणि आम्हांस लाज वाटते की इतक्या वर्षांत तो आमच्या मनात आला नाही. शेपरची तुळई सरळ चालते, कारण ती ज्या वाटेवर सरकते ती वाट सरळ आहे. ती वाट दुसऱ्या यंत्राने सरळ केली. त्या यंत्राची तिसऱ्याने. या वंशावळीच्या मुळाशी कोण आहे?

रोह्यास हा प्रश्न पडताच आम्हांस आदल्या दिवशी पेणमध्ये पाहिलेली गोष्ट आठवली. गणपतीच्या मूर्तींचे ते गाव. दिवाळी होते न होते तो पुढल्या वर्षाचे काम तेथे सुरू. एका कारखान्यात साच्यांतून एकासारखी एक अंगे निघत होती. कोपऱ्यात मात्र एक वृद्ध कारागीर लाकडी कोरणीने मातीच्या एकाच मूर्तीशी बसले होते. चौकशी केली तेव्हा कळले की साचा ज्यावरून घ्यावयाचा ती ही मूळ मूर्ती. तिच्या सोंडेत जी चूक राहील ती पुढे प्रत्येक मूर्तीत उतरेल, म्हणून त्यांना घाई करावयाची नव्हती.

लोखंडाच्या बाबतीत ती मूळ मूर्ती कशी घडवावी हे जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली ग्लासगोच्या विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधात मांडले. हाही मॉड्स्लेच्याच हाताखालून गेलेला. त्याची रीत अशी की दोन नव्हे, तीन पाट घ्यावे. एकावर तेलात कालवलेला रंग लावून दुसऱ्यावर घासावा. जेथे रंग उठेल तेथे उंचवटा आहे असे समजून तो हाताने खरवडावा. दोनच पाट घेतले तर एक किंचित फुगीर व दुसरा किंचित खोलगट राहूनही दोघांचे जुळेल, व फसवणूक होईल. तिसरा आला की लबाडी उघडी पडते, कारण एकमेकांशी आळीपाळीने जुळणारे तिन्ही पाट सपाटच असले पाहिजेत. यास दुसरे कोणतेही प्रमाण लागत नाही. माणसाचा हात, डोळा आणि चिकाटी पुरतात. व्हिटवर्थने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण ठरविले, ते आमच्या पुस्तकात होते. हे तीन पाट नव्हते.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रातील यंत्रोद्योगाचा इतिहास लिहिणारे लक्ष्मणराव किर्लोस्करांपासून आरंभ करतात, व ते योग्यच आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील हे शिक्षक. बेळगावचे १८८८ सालचे सायकलींचे दुकान, १९०३ चा लोखंडी नांगर, लोखंडाने जमीन विषारी होईल ही शेतकऱ्यांची भीती, आणि १९१० साली औंध संस्थानाच्या माळरानावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी हा प्रवास मराठी वाचकांस परिचित आहे. हरिहर येथे किर्लोस्करांचा यंत्रे घडविणारा कारखाना १९४१ मध्ये निघाला. सरकारी हिंदुस्थान मशीन टूल्स बंगळुरास १९५३ साली. इतिहास येथवर येतो आणि मोठ्या रस्त्यानेच पुढे जातो. कारण उघड आहे. मोठ्या कारखान्यांचे वार्षिक अहवाल असतात, पडव्यांचे नसतात. आणि आम्ही इतिहासकार कागद असेल तेथेच जातो.

पडवीतील शेपर पंजाबातील बटाला येथला आहे. बटाला व राजकोट या गावांनी लेथ व शेपर यांसारखी साधी, जड, दुरुस्त होण्याजोगी यंत्रे करून देशभरच्या लहान कारखानदारांस पुरविली. अशा यंत्रास घरात जागा मिळाली ती विजेच्या मोटारीमुळे. त्याआधी एका इंजिनावर छताखालचा लांब दांडा फिरवून पट्ट्यांनी सारी यंत्रे चालवीत. एवढा पसारा घरात कोण मांडणार? रोह्याच्या बाबतीत यात एक जुनी विसंगती आहे. मुळशीचे पाणी घाटाखाली भिरा येथे उतरवून १९२७ पासून टाटांनी वीज निर्माण केली. त्यासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या व सेनापती बापटांचा सत्याग्रह घडला. तेच पाणी पुढे कुंडलिकेतून रोह्यावरून वाहत जाई. वीज मात्र तारांवरून मुंबईकडे जाई.

मोठ्या कारखान्यांनी शेपरला केव्हाच रजा दिली. अनेक दातांचे हत्यार गोल फिरवून तासणारे मिलिंग यंत्र तेच काम झटपट करते. त्यानंतर संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे आली. औद्योगिक शिक्षणसंस्थांच्या कर्मशाळांत शेपर शिकविला गेला, घराघरांच्या पडव्यांत टिकला. अमेरिकेत तर डेव्हिड जिंजरी नावाच्या गृहस्थाने कोळशाच्या भट्टीत ॲल्युमिनियमचे भंगार वितळवून घरच्या घरी कारखाना कसा घडवावा यावर १९८० पासून पुस्तकमाला लिहिली. त्यात भट्टीनंतर लेथ व लेथनंतर शेपर येतो. मिलिंग यंत्राचे पुस्तक त्यानंतरचे. हा अनुक्रम आम्हांस फार बोलका वाटला. ज्याच्याजवळ पैसा नाही पण वेळ आहे, त्याचे हे यंत्र. त्यास महागडी हत्यारे लागत नाहीत, धार लावता येणारा माणूस लागतो.

आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही विचारले, यंत्र आणले तेव्हा कसे होते? ते म्हणाले, “सर, तुळईची वाट मधोमध झिजली होती. दोन्ही टोकांस ठीक, मध्ये खड्डा. कॉलेजात नेहमी लहानच कामे व्हायची ना.” ती वाट त्यांनी पावसाळ्याचे चार महिने, रोज संध्याकाळी, रंग लावून हाताने खरवडली. व्हिटवर्थचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. रीत त्यांना कारखान्यातील एका वडीलधाऱ्या फिटरने दाखविली होती, आणि त्या फिटरना आणखी कोणी. आम्ही मोठ्या उत्साहाने १८४० सालचा निबंध त्यांना सांगितला. त्यांनी तो आदराने ऐकून घेतला. पण लक्ष खाचेकडे होते.

अर्ध्या-पाऊण तासाने त्यांनी यंत्र थांबविले, कप्पी सोडविली, फडक्याने पुसली आणि चावी बसवून पाहिली. ती अंगठ्याच्या दाबाने आत गेली व तेथेच राहिली. शेतकरी गृहस्थांनी किती झाले म्हणून विचारले. सांगितलेला आकडा ऐकून आम्ही चकित झालो, इतका तो थोडा होता. कप्पी गोणपाटात गुंडाळून, मोटारसायकलच्या मागे बांधून ते निघूनही गेले.

मग आम्ही यंत्राच्या मागच्या बाजूस गेलो. सगळे यंत्र नव्याने हिरवे रंगविलेले होते, पण एका कोपऱ्यात हातभर जुना करडा रंग तसाच ठेवला होता, व त्यावर पांढऱ्या अक्षरांत महाविद्यालयाच्या जडसंग्रह नोंदवहीचा क्रमांक. त्याच क्रमांकापुढे आम्ही सही केली होती. हा का पुसला नाही, असे आम्ही विचारले.

“राहू दे म्हटलं, सर,” ते म्हणाले, आणि पुढच्या कामासाठी शिकंजा उघडू लागले.