निश्चल सशापासून : गोथेनबर्गच्या औषधशास्त्र विभागाची वाटचाल

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाचा औषधशास्त्र विभाग ज्या प्रयोगामुळे जगभर ओळखला जातो, तो प्रयोग तिथे झालाच नव्हता. तो झाला स्वीडनमधल्याच लुंड विद्यापीठात. १९५९ मध्ये आर्विद कार्लसन प्राध्यापक म्हणून गोथेनबर्गला आले, ते लुंडचा हा वारसा सोबत घेऊनच. गोथेनबर्गमधलं वैद्यकीय शिक्षण तेव्हा जेमतेम दहा वर्षांचं होतं. त्यामुळे या विभागाची कहाणी स्थापनेच्या तारखेपासून सांगण्यात अर्थ नाही.

तिचं मूळ आपल्या सर्पगंधेपर्यंत जातं. उच्च रक्तदाबावर तिचा गुण येतो हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तिच्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढण्यात आलं. ते रक्तदाब उतरवी, बेभान मनोरुग्णांना शांत करी. मात्र काही रुग्णांच्या हालचाली पार्किन्सनच्या रुग्णासारख्या मंद आणि ताठर होत.

कार्लसन त्या वेळी कॅल्शियमवर काम करत होते. एका पदासाठी अर्ज केला, तर निवडीच्या तज्ज्ञांना तो विषय औषधशास्त्राच्या मध्यभागी बसणारा वाटला नाही. आज त्या तज्ज्ञांचे आभारच मानायला हवेत. कारण विषय बदलण्यासाठी कार्लसन १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत गेले. रेसर्पिनमुळे मेंदूतलं सेरोटोनिन रिकामं होतं, हे तिथे नुकतंच दिसलं होतं. लुंडला परतल्यावर नील्स-ओके हिलार्प यांच्यासोबत त्यांनी पुढचा प्रश्न धरला : फक्त सेरोटोनिनच का? नॉरअॅड्रेनलिनही तसंच रिकामं होतं, असं आढळलं.

मग जनावर निश्चल होतं ते नेमकं कशाच्या अभावामुळे? हे दोन्ही पदार्थ रक्तातून मेंदूत शिरत नाहीत. म्हणून कार्लसन, मार्गित लिंडक्विस्ट आणि टोर मॅग्नुसन यांनी त्यांचा कच्चा माल टोचून पाहिला. रेसर्पिन दिलेला ससा कान पाडून, अंग टाकून पडलेला असे. सेरोटोनिनचा कच्चा माल देऊन तो उठला नाही. नॉरअॅड्रेनलिनचा कच्चा माल, म्हणजे डोपा, दिल्यावर मात्र थोड्याच वेळात कान उभे राहिले, ससा हालचाल करू लागला. १९५७ मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं.

घाईच्या माणसाने इथेच ‘नॉरअॅड्रेनलिन परत आलं’ असं लिहून टाकलं असतं. त्यांनी मेंदू तपासला. नॉरअॅड्रेनलिन परत आलंच नव्हतं! परत आलं होतं ते डोपामिन. डोपापासून नॉरअॅड्रेनलिन बनताना लागणारा मधला टप्पा, एवढीच तोवर त्याची किंमत. १९५८ मध्ये बर्टिल वाल्डेक यांनाही सोबत घेऊन त्यांनी ते मोजण्याची पद्धत दिली. सामान्य मेंदूतही डोपामिन भरपूर असतं आणि रेसर्पिन तेही पळवतं, हे दाखवलं. इंग्लंडमध्ये कॅथलीन मॉन्टॅग्यू यांनाही मेंदूत हा पदार्थ आढळला होता, पण हालचालीशी धागा जुळला तो लुंडमध्ये. पुढच्याच वर्षी तिथल्याच बर्टलर आणि रोसेनग्रेन यांनी मेंदूतलं बहुतेक डोपामिन स्ट्रायटममध्ये, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागात, साठलेलं असतं असं दाखवलं. पार्किन्सनचं कोडं उलगडू लागलं.

पटलं मात्र थोड्यांनाच. १९६० मध्ये लंडनच्या परिषदेत हेन्री डेल यांच्यासारख्या ज्येष्ठांनी डोपामिन मेंदूत संदेश पोचवतं, या म्हणण्यावर शंका घेतली. हिलार्पही याच सुमारास गोथेनबर्गला आले होते. लुंडच्या बेंग्ट फाल्क यांच्याबरोबर त्यांनी जी युक्ती काढली, तिने हा वाद मिटवला असं मला वाटतं. मेंदूचे सुकवलेले काप फॉर्माल्डिहाइडच्या वाफेत ठेवले की सूक्ष्मदर्शकाखाली डोपामिनच्या चेतापेशी हिरव्या चमकत. डोळ्यांना दिसणारी गोष्ट नाकारणार कोण? १९६२ मध्ये हिलार्प स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेत गेले आणि १९६५ मध्ये वारले. त्यांच्याच शिष्यशाखेतल्या उंगरस्टेट यांनी पुढे तिथे उंदराच्या मेंदूच्या एका बाजूचं डोपामिन नष्ट केलं. अशा उंदराला औषध दिलं की तो गोल गोल फिरू लागे. त्याच्या गिरक्या मोजणं ही पार्किन्सनची औषधं पारखण्याची जगभरची रीत झाली.

गोथेनबर्गमध्ये १९६३ साली कार्लसन आणि लिंडक्विस्ट यांनी मनोविकारावरची इतर औषधं रेसर्पिनसारखी डोपामिन घटवत नाहीत, त्याचा संदेश स्वीकारणाऱ्या जागा अडवतात, असं सुचवलं. कार्लसन यांना २००० साली मिळालेल्या नोबेलबद्दल वेगळं सांगायला नको.

मला स्वतःला १९८९ चा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. डोपामिन जवळजवळ पूर्ण काढून घेतलेल्या उंदरांना आर्विद आणि मारिया कार्लसन, या बापलेकींनी, ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या संदेशवाहकाचा मार्ग अडवणारं औषध दिलं. उंदीर धावू लागले. हालचाल डोपामिनशिवायही सुरू होऊ शकते, हे ज्याने डोपामिनला प्रतिष्ठा दिली त्याच्याच प्रयोगशाळेतून निघालं. त्याच वर्षी कार्लसन निवृत्त झाले, पण काम चालू राहिलं. डोपामिन जास्त असेल तिथे आवरणारी आणि कमी असेल तिथे सावरणारी रेणूंची एक जात त्यांच्या गटाने शोधली. तिच्यातलं प्रिडोपिडिन हंटिंग्टनच्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांपर्यंत पोहोचलं, पण तिथे मुख्य कसोटीवर उतरलं नाही.