साओ पाउलोची समुद्रविद्या

समुद्र कोणा एका राष्ट्राच्या मालकीचा नाहीं, हें वाक्य आपण वारंवार ऐकतों. परंतु समुद्राविषयींचें ज्ञान मात्र दीर्घकाल मोजक्या राष्ट्रांच्याच मालकीचें होतें, इकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. ज्याचें जहाज त्याचे नमुने, आणि ज्याचे नमुने त्याचें शास्त्र, असा हा व्यवहार. इतरांनीं बंदर मोकळें करून द्यावें, अन्नपाणी पुरवावें, आणि आपल्याच किनाऱ्यावरील जीवांचीं वर्णनें मागाहून परक्यांच्या ग्रंथांत वाचावीं. १८७३ सालीं इंग्रजांचें 'चॅलेंजर' जहाज ब्राझीलच्या बाहिया बंदरांत येऊन गेलें. त्या सफरीचा पन्नास खंडांचा वृत्तांत सिद्ध झाला तो ब्रिटनमध्यें. बंदर होण्यापासून भागीदार होण्यापर्यंतचा मार्ग किती लांब असतो, हें पाहावयाचें असेल तर ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचा इतिहास पाहावा.

हें विद्यापीठ १९३४ सालीं स्थापन झालें, आणि त्याच्या चालकांनीं अध्यापक युरोपांतून बोलावले. काळ असा होता कीं, जर्मनींत ज्यू विद्वानांस पदच्युत करण्याचा सपाटा चालला होता. साओ पाउलोंतील प्राणिशास्त्राचें अध्यासन प्रथम एर्न्स्ट ब्रेसलाउ यांनीं भूषविलें; १९३५ सालीं ते वारल्यावर बर्लिनची जागा गमावलेले एर्न्स्ट मार्कुस तेथें आले. त्यांनीं व त्यांच्या पत्नी एवेलिन यांनीं ब्राझीलच्या किनाऱ्यावरील, सामान्य माणसाच्या दृष्टीसही न पडणाऱ्या क्षुद्र जीवांचा अभ्यास कित्येक वर्षें चालविला. एका देशाच्या दुर्बुद्धीनें दुसऱ्या देशास विद्या मिळावी, हा प्रकार इतिहासांत नवा नाहीं. मात्र आलेल्या पाहुण्याकडून शिष्यपरंपरा निर्माण करून घेण्याचें शहाणपण सर्वांनाच सुचतें असें नाहीं. साओ पाउलोस तें सुचलें.

१९४६ सालीं तेथील प्रांतिक सरकारनें समुद्रविज्ञानाची संस्था काढली व तिची धुरा रशियांत जन्मलेल्या आणि फ्रान्समधून आलेल्या व्लादिमिर बेस्नार यांच्याकडे दिली. कनानेयाच्या खाडींत, तिवरांच्या बनांत, तिचें आरंभीचें काम झालें. १९५० पासून तिची स्वतःची शास्त्रीय पत्रिका निघूं लागली आणि १९५१ सालीं ती संस्था विद्यापीठांत सामील झाली. आमच्या मतें हा बदल दिसतो त्याहून मोठा होता. सरकारी खात्याच्या आश्रयाखालील संस्थेस मासळी किती वाढली याचा जाब द्यावा लागतो; विद्यापीठांतील संस्थेस शिष्य किती वाढले याचाही द्यावा लागतो.

अशा शिष्यांपैकीं मार्ता वानुच्ची ही एक. फ्लॉरेन्स येथें १९२१ सालीं जन्मून बालपणींच ब्राझीलमध्यें आलेल्या या बाई मार्कुस यांच्या हाताखालीं तयार झाल्या. जेलीमाशांच्या कुळांतील हायड्रोमेड्युसा नांवाचे चिमुकले जीव हा त्यांचा विषय. १९६४ सालीं त्या समुद्रविज्ञान संस्थेच्या संचालिका झाल्या, आणि त्यांच्याच कारकीर्दींत संस्थेस महासागरांत जाण्याजोगें जहाज लाभलें. तें नॉर्वेंतील बर्गेन येथें बांधलें गेलें, १९६७ सालीं सान्तोस बंदरास लागलें, आणि सात वर्षांपूर्वीं वारलेल्या बेस्नार यांचें नांव त्यास देण्यांत आलें.

या कथेचा पुढील भाग आपल्या किनाऱ्याशीं येऊन भिडतो. १९५९ ते १९६५ या काळांत हिंदी महासागराची आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. अनेक राष्ट्रांच्या जहाजांनीं एकाच मापाचें जाळें दोनशें मीटर खोलीपासून पृष्ठभागापर्यंत ओढून तरंगत्या सूक्ष्म जीवांचे नमुने गोळा केले. आणि असें ठरलें कीं, हे नमुने युरोपअमेरिकेंत न नेतां कोचीन येथें एकत्र ठेवावे व तेथेंच निवडावे. चॅलेंजरच्या काळीं ही कल्पना हास्यास्पद ठरली असती. कोचीनचें हें केंद्र १९६६ सालीं स्थापन झालेल्या, आणि पुढें गोव्यांत दोना पावला येथें स्थिरावलेल्या, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा भाग झालें. या संग्रहाच्या देखरेखीसाठीं युनेस्कोनें वेळोवेळीं जे तज्ज्ञ पाठविले, त्यांत वानुच्चीबाई होत्या. हिंदी महासागरांतील हायड्रोमेड्युसांच्या वितरणावर त्यांनीं एका सहकाऱ्यासह लिहिलेला निबंध १९७३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १९८० नंतरच्या दशकांत आशिया व पॅसिफिक भागांतील तिवरांच्या जंगलांविषयींच्या संयुक्त राष्ट्रांच्या योजनेचें काम त्यांनीं दिल्लींत राहून चालविलें. निर्वासितांकडून विद्या घेतलेल्या विद्यापीठानें आपली विदुषी दुसऱ्या दक्षिणी देशास द्यावी, आणि तीही नमुने घेऊन जाण्यासाठीं नव्हे तर त्यांच्याजवळ बसून काम करण्यासाठीं, याचें मोल जहाजाच्या किंमतींत मोजतां येणार नाहीं. वानुच्चीबाई २०२१ सालीं निवर्तल्या.

तथापि जहाजावांचूनही चालत नाहीं. 'प्रोफेसर बेस्नार' १९८२-८३ च्या ब्राझीलच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेंतही जाऊन आलें. पण २००८ सालीं त्यास आग लागली आणि त्याचें संशोधनकार्य संपलें. पुढील तीनचार वर्षें खोल समुद्रांत जावयास विद्यापीठापाशीं स्वतःचें साधन उरलें नाहीं. २०१२ सालीं आलें तें 'अल्फा क्रुसिस', पूर्वीं हवाई विद्यापीठाच्या सेवेंत असलेलें जुनेंच जहाज. नांव मात्र आपलें: त्रिशंकु नक्षत्रांतील हा सर्वांत तेजस्वी तारा ब्राझीलच्या ध्वजावर साओ पाउलो प्रांताचें चिन्ह आहे.

या जहाजास लगेच मोठें काम मिळालें. दक्षिण अटलांटिक हा विलक्षण समुद्र आहे. इतरत्र महासागर विषुववृत्ताकडील उष्णता ध्रुवांकडे नेतात, हा मात्र ती विषुववृत्ताकडे, उलट दिशेनें, वाहतो. त्या वहनाचें मोजमाप करण्यासाठीं ३४.५ अंश दक्षिण अक्षांशावर ब्राझील, आर्जेंटिना, अमेरिका, फ्रान्स व दक्षिण आफ्रिका यांनीं मिळून समुद्रतळाशीं उपकरणें ठेवलीं आहेत. तळावरून सोडलेला ध्वनि पृष्ठभागास आपटून परत येण्यास किती वेळ लागतो, तें हीं उपकरणें टिपून ठेवतात, आणि त्या वेळावरून वरील पाण्याच्या उष्णतेचा अंदाज निघतो. जमलेली नोंद हातीं यावयाची तर कोणा भागीदाराचें जहाज त्या ठिकाणीं जाऊन, उपकरणाच्या नेमकें वर उभें राहून, ध्वनीच्याच संकेतांनीं ती मागून घ्यावी लागते. पश्चिमेकडील, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या बाजूच्या, उपकरणांकडे जाणाऱ्या जहाजांत 'अल्फा क्रुसिस'ची भर पडली.