ब्रेकची काळी धूळ

गाडीचे ब्रेक पॅड घरी बदलणं तसं अवघड नाही, मंडळी. गाडी सपाट जागी लावून जॅक चढवायचा, चाक काढायचं, कॅलिपर उघडायचं, पिस्टन मागे दाबून नवे पॅड बसवायचे. मी तर सुट्टीच्या सकाळीच उरकतो. पण चाक निघालं की आत बारीक काळी धूळ दिसते, आणि तिच्यावर फुंकर मारायचा मोह होतो. तो आवरा. कारण त्या धुळीला एक इतिहास आहे.

ऑगस्ट १८८८. बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्झहाइमला मोटारीने निघाल्या. अंतर सुमारे १०० किलोमीटर. उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा बाईंनी वाटेतल्या एका जोडे शिवणाऱ्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकचं तत्त्व आजही तेच आहे: गाडीचा वेग घर्षणाने उष्णतेत बदलायचा, आणि झिजायचं ते बदलता येणाऱ्या तुकड्याने.

पण चामडं जळतं. १८९७ च्या सुमारास इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड यांनी सुती कापडाची लायनिंग बनवली. वेग वाढला तसं कापडही करपू लागलं. मग आलं अ‍ॅस्बेस्टॉस. न जळणारं, चिवट आणि स्वस्त. इंजिनियरला आणखी काय हवं?

१९२४ साली रॉचडेल इथल्या गिरणीत अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत कातणारी नेली केरशॉ ३३ व्या वर्षी फुप्फुसांच्या आजाराने गेली. डॉक्टरांनी कारण छापून सांगितलं. १९३१ साली ब्रिटनमध्ये नियमही झाले, पण ते कारखान्यांपुरते. गॅरेजमधले मेकॅनिक पुढेही हवेच्या पाइपने ब्रेकची धूळ उडवतच राहिले. ब्रिटनमध्ये अशा लायनिंगवर बंदी आली ती थेट १९९९ मध्ये. ७५ वर्षं!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना यातलं मर्म लगेच कळावं. पहिल्याच दिवशी प्रोग्रॅम पाडणारा बग लगेच दुरुस्त होतो. गुपचूप मेमरी खात राहणारा मात्र वर्षानुवर्षं तसाच राहतो. अ‍ॅस्बेस्टॉसचे आजार दिसायला वीस-तीस वर्षं लागतात. ब्रेक मात्र आजच लागायला हवा असतो.

आता बहुतेक पॅड अ‍ॅस्बेस्टॉसविना बनतात. पण जुन्या गाडीत किंवा बिननावाच्या पॅडमध्ये काय मिसळलंय, हे नुसतं बघून कळत नाही. तेव्हा मास्क लावा, धूळ ओल्या फडक्याने टिपा, आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. हो, आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा. विसरू नका!